शर्यत संपल्यावर: ग्रेहाउंड, खिल्लार आणि निवृत्तीचा प्रश्न

(ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलण्यातले अडखळे काढलेत, बाकी बोलणं जसंच्या तसं ठेवलंय.)

 मी दिंडोरीहून बोलतोय. आजचा भाग एका श्रोत्याच्या मेलमुळे झालाय. मूळचं नाशिककडचं, आता इंग्लंडमध्ये राहणारं एक मराठी कुटुंब आपला पॉडकास्ट ऐकतं. त्यांनी शर्यतीतून निवृत्त झालेला एक ग्रेहाउंड कुत्रा दत्तक घेतलाय. त्यांनी लिहिलं की कुत्र्याच्या कानात आतल्या बाजूला अक्षरं गोंदलेली आहेत. त्यावरून त्याचं शर्यतीतलं नाव कळलं, आणि नावावरून त्याची सगळी कारकीर्द इंटरनेटवर सापडली. कोणत्या तारखेला, कोणत्या मैदानावर, कितव्या पिंजऱ्यातून सुटला, किती सेकंदांत पळाला, त्या दिवशी वजन किती होतं, सगळं. एका शर्यतीपुढे तर शेरासुद्धा होता, पहिल्या वळणावर गर्दीत सापडला म्हणून. मेलच्या शेवटी त्यांनी विचारलं, "आपल्याकडच्या शर्यतीच्या बैलांचं असं काही रेकॉर्ड असतं का? आणि शर्यत सुटली की त्या बैलांचं पुढे होतं काय?"

दोन ओळींचं उत्तर देता आलं असतं. पण शोधायला बसलो तेव्हा लक्षात आलं की हे दोन्ही इतिहास शेजारी ठेवून वाचायला हवेत. ग्रेहाउंडचा शंभर वर्षांचा, आणि आपल्या बैलाचा, विशेषतः २०११ ते २०२३ या बारा वर्षांचा. म्हणून आज आधी कुत्रा, मग बैल.

यांत्रिक ससा

ग्रेहाउंड ही जात मुळात शिकारी. वास घेत माग काढणारी नाही, तर नजरेनं सावज हेरून वेगानं गाठणारी. आपल्याकडे दख्खनमध्ये कारवान किंवा मुधोळ हाउंड आहेत, त्याच पठडीतली. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही कुत्री जोपासली, आणि २००५ मध्ये टपाल खात्यानं भारतीय कुत्र्यांवर तिकिटं काढली त्यात मुधोळही होता. लांब पाय, खोल छाती, बारीक कंबर. ज्यांनी सांगली, सोलापूरकडे ही कुत्री पाहिलीत त्यांना ग्रेहाउंड कसा दिसतो हे वेगळं सांगायला नको.

इंग्लंडमध्ये ग्रेहाउंडच्या स्पर्धा आधी जिवंत सशामागे व्हायच्या. माळावर ससा सोडायचा, दोन कुत्री सोडायची, आणि कोणता कुत्रा सशाला कसा वळवतो यावर गुण. लिव्हरपूलजवळची वॉटर्लू कप ही त्यातली सर्वांत नावाजलेली स्पर्धा. १८३६ ला सुरू झाली आणि शिकारबंदीचा कायदा आला तेव्हा, २००५ मध्ये, शेवटची झाली.

या खेळाला वळण दिलं एका अमेरिकन माणसानं, ओवेन पॅट्रिक स्मिथनं. त्यानं रुळावरून विजेवर पळणारा खोटा ससा तयार केला आणि १९१९ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिलला त्यावर शर्यती सुरू केल्या. पुढे हाच प्रकार इंग्लंडला पोचला. २४ जुलै १९२६ ला मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर पहिली शर्यत झाली. पहिल्या दिवशी जेमतेम सतराशे माणसं आली होती. पण गिरणी कामगार संध्याकाळी सुटल्यावर चालत येऊ शकेल अशा ठिकाणी, दिव्यांच्या उजेडात, अर्ध्या मिनिटात संपणारा आणि पैजा लावता येणारा खेळ. तो पसरायला वेळ लागला नाही. काही वर्षांतच प्रेक्षक कोट्यवधींवर गेले.

मिक द मिलर हे नाव तिथं आजही घेतलं जातं. आयर्लंडमध्ये एका पाद्रीबाबांकडे जन्मलेला हा कुत्रा १९२९ आणि १९३०, अशी सलग दोन वर्षं इंग्लिश डर्बी जिंकला. निवृत्तीनंतर तो सिनेमात झळकला. १९३९ मध्ये गेला तेव्हा त्याच्या देहात पेंढा भरून त्याला संग्रहालयात ठेवलं. ट्रिंग गावातल्या संग्रहालयात तो आजही काचेमागे उभा आहे.

आता इथं थांबून एक गोष्ट बघा. खोटा ससा आला आणि कुत्र्याच्या आयुष्यात नेमकं काय बदललं? त्याआधी तो शिकारी होता. शर्यतीपलीकडे त्याला एक काम होतं, कोणाच्या तरी वाड्यावर, शेतावर जागा होती. खोट्या सशानं त्याच्याकडे फक्त पळणं ठेवलं. साधारण सव्वा-दीड वर्षाचा झाला की मैदानात, आणि तीन ते पाच वर्षांचा झाला की संपलं. पाय दुखावला तर त्याआधीच. ग्रेहाउंड जगतो बारा-चौदा वर्षं. म्हणजे पळून झाल्यावर दोन तृतीयांश आयुष्य शिल्लक, आणि त्या उरलेल्या आयुष्यासाठी कोणी काही ठरवलेलंच नाही.

त्यात संख्या. इंग्लंडमध्ये एका शर्यतीत सहा कुत्री, एका संध्याकाळी दहा-बारा शर्यती, आठवड्यातून अनेक संध्याकाळी, शिवाय एवढी सारी मैदानं. हे चक्र चालू ठेवायचं तर दरवर्षी हजारो नवी पिल्लं हवीत, आणि हजारो नवी आत येतात म्हणजे तितकीच बाहेरही पडतात. मिक द मिलरला संग्रहालय मिळालं. बाकीच्यांचं काय झालं हे कित्येक वर्षं कोणी विचारलं नाही.

कान

विचारायला सुरुवात झाली ती हळूहळू. १९७५ मध्ये इंग्लंडमध्ये रिटायर्ड ग्रेहाउंड ट्रस्ट ही संस्था निघाली, निवृत्त कुत्र्यांना घरं शोधून द्यायला. अमेरिकेत १९८७ मध्ये ग्रेहाउंड पेट्स ऑफ अमेरिका आली. दत्तक घेणाऱ्यांना सुरुवातीला भीती वाटायची. तोंडाला जाळी बांधून पळणारं जनावर घरात कसं ठेवायचं? ठेवलं तेव्हा कळलं की हा कुत्रा दिवसातले बरेच तास सोफ्यावर झोपून काढतो. मात्र त्याला खूप गोष्टी माहीतच नसतात. जिना चढणं माहीत नसतं. काचेचं दार माहीत नसतं, तो सरळ जाऊन आपटतो. आयुष्य पिंजरा, गाडी आणि मैदान यातच गेलेलं असतं. घर म्हणजे काय हे त्याला मोठेपणी शिकवावं लागतं.

पण ज्यांना घर मिळालं नाही त्यांची गोष्ट दोन वेळा फार वाईट पद्धतीनं उघड झाली. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात एका संत्र्या-लिंबांच्या बागेत शंभराहून जास्त ग्रेहाउंड मारून टाकलेले सापडले. त्यांचे कान कापलेले होते. दुसरी घटना इंग्लंडमधल्या सीहॅमची. २००६ मध्ये तिथल्या एका वृत्तपत्रानं दाखवून दिलं की एक माणूस वर्षानुवर्षं पैसे घेऊन निवृत्त कुत्री मारत होता आणि स्वतःच्या जमिनीत पुरत होता.

ॲरिझोनातल्या त्या कानांबद्दल वाचलं तेव्हा मी थांबलोच. अमेरिकन ग्रेहाउंडच्या दोन्ही कानांत गोंदण असतं. एका कानात तो कोणत्या विणीचा आहे त्याचा नोंदणी क्रमांक, दुसऱ्या कानात जन्माचा महिना, वर्ष आणि त्या विणीतला त्याचा क्रम. म्हणजे कान वाचला की मालक सापडतो. म्हणूनच कान कापले.

मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या कामात प्रत्येक नोंदीला एक ओळखक्रमांक असतो आणि ती नोंद आत्ता कोणत्या टप्प्यावर आहे हेही लिहिलेलं असतं. ऑर्डर आली, पाठवली, पोचली, परत आली. एखादी नोंद शेवटच्या टप्प्याला न पोचता मध्येच गायब झाली तर आम्ही म्हणतो सिस्टिममध्ये भोक आहे. ग्रेहाउंडच्या बाबतीत ते भोक शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी होतं. सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत हिशेब ठेवणारी यंत्रणा, आणि कुत्रा मैदानाबाहेर पडला की नोंद संपली.

इंग्लंडनं हे भोक बुजवायला सुरुवात केली ती सीहॅमनंतर. चौकशी झाली. २०१० मध्ये नियम आले, प्रत्येक कुत्र्याला मायक्रोचिप आणि प्रत्येक शर्यतीला पशुवैद्य हजर. २०१८ पासून तिथलं नियामक मंडळ दरवर्षी आकडे जाहीर करतं, किती कुत्री जखमी झाली, किती निवृत्त झाली, निवृत्त होऊन कुठे गेली. २०२० पासून कुत्र्याची नोंदणी करतानाच ठरावीक रक्कम, सुरुवातीला ४०० पौंड, बाजूला ठेवावी लागते आणि ती त्याच्या निवृत्तीच्या वेळी घर शोधणाऱ्या संस्थेला मिळते. म्हणजे पळायला लागायच्या आधीच त्याच्या म्हातारपणाची तरतूद.

एवढं करूनही खेळ आटतोच आहे, हेही सांगायला हवं. फ्लोरिडा हे अमेरिकेतलं या शर्यतींचं सर्वांत मोठं केंद्र होतं. तिथं २०१८ मध्ये लोकांनी मतदान करून शर्यती बंद केल्या, सुमारे ६९ टक्के मतांनी. २०२० च्या अखेरीस मैदानं थांबली. मकाऊचं जुनं कॅनिड्रोम २०१८ मध्ये बंद झालं तेव्हा मागे ५३३ कुत्री उरली होती आणि त्या सगळ्यांना जगभरात घरं शोधावी लागली. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूझीलंड सरकारनंही शर्यती बंद करायचं जाहीर केलं. ग्रेहाउंडला पळता येतं का, हा प्रश्न यातल्या कुठल्याच देशात कोणी विचारला नाही. तो पळण्यासाठीच घडलेला प्राणी आहे. प्रश्न आले ते पळताना होणाऱ्या जखमांचे आणि पळून झाल्यानंतरचे.

हा मुद्दा लक्षात ठेवा, बैलाकडे आल्यावर लागणार आहे.

दावणीचा बैल आणि मैदानाचा बैल

महाराष्ट्रात शर्यत म्हटली की डोळ्यापुढे खिल्लार येतो. माणदेशचा, म्हणजे सातारा, सांगली, सोलापूरच्या कोरड्या पट्ट्यातला. पांढराशुभ्र किंवा कोसा रंग, मागे वळून वर गेलेली लांब शिंगं, चपळ. गाय दूध फार देत नाही, त्यामुळे या जातीचं मोल पूर्वीपासून बैलावर ठरत आलंय.

शर्यतीचे प्रकार भागाभागानुसार वेगळे. पुणे जिल्ह्यात आंबेगाव, खेड, जुन्नरकडे घाट असतो, चढावर गाडा पळतो आणि घड्याळावर सेकंद मोजतात. प्रत्येक गाड्याची एक बारी, आणि सगळ्यांत कमी वेळ लावणारा घाटाचा राजा. सातारा-सांगलीकडे सपाट मैदान, चाकोऱ्या आखलेल्या, छकडे एकदम सुटतात. विदर्भात त्याला शंकरपट म्हणतात. अलिबागकडे समुद्राच्या वाळूत गाड्या पळतात. बैलाचं वय दातांवरून ठरतं. दुधाचे दात असलेला तो आदत. दोन-अडीच वर्षांचा झाला, पक्के दोन दात आले, की दुसा. मग चौसा. पुढे मोठा झाला की ओपनला पळतो.

आता मूळ मुद्दा. माझे आजोबा सांगायचे, त्यांच्या तरुणपणी यात्रेत पळणारा बैल आणि औताला जुंपलेला बैल हे दोन वेगळे बैल नव्हते. यात्रा वर्षातून एकदा. चैत्रात पळायचा, ज्येष्ठात पेरणीला, कार्तिकात मळणीला. वेग कमी झाला की यात्रेला जाणं बंद, बाकी काम चालूच. तो "निवृत्त" झालाय असं कोणी म्हणायचं नाही, कारण निवृत्त व्हायला त्याची नोकरी कुठे शर्यतीची होती? खांदा उतरला, दात झिजले, तरी पोळ्याला त्याच्या शिंगांना हिंगूळ लागायचा. काही म्हातारे बैल विकले जायचे, बाजारात कोणाकडे जायचे हे सगळ्यांना ठाऊक असायचं. उगाच सगळं गोड होतं असं मी म्हणत नाही. पण शर्यतीनंतर काय, याला काहीतरी उत्तर होतं.

आमच्या दिंडोरीत आज फिरा. द्राक्षबागेच्या दोन ओळींमधून छोटा ट्रॅक्टर जातो, मागे फवारणीचा ब्लोअर. टोमॅटोच्या शेतात बेड पाडायला ट्रॅक्टर. कडवेच्या काठानं, करंजवणकडे, वणीकडे, कित्येक घरांत पोळ्याला मातीचे बैल पूजतात कारण गोठ्यात बैलच नाही. हे एकट्या दिंडोरीचं नाही. पशुगणनेत देशात गोवंशातले नर २०१२ मध्ये सुमारे ६ कोटी ७९ लाख होते, २०१९ मध्ये ४ कोटी ७४ लाख राहिले. सात वर्षांत जवळजवळ तीस टक्के कमी. त्याच काळात गायी वाढल्या.

मग जे बैल उरले त्यातले बरेचसे कशासाठी उरले? मैदानासाठी. त्यांना खुराक वेगळा, दूध, अंडी, उडीद, बदाम. सकाळी पोहायला नेणं. किंमत लाखांत. औताला ते कधीच जुंपले जात नाहीत. एवढ्या मोलाच्या बैलाचा खांदा नांगरटीत कोण खराब करेल? बकासुरसारख्या बैलानं थार गाडी जिंकली, आणि त्याचं नाव ज्यांनी मैदान पाहिलेलं नाही त्यांनाही माहीत झालं. यूट्यूबवर शर्यती थेट दिसतात. फेऱ्यांच्या, नंबरांच्या याद्या मोबाइलवर फिरतात.

म्हणजे यांत्रिक सशानं ग्रेहाउंडचं जे केलं, ते ट्रॅक्टरनं बैलाचं केलं. काम काढून घेतलं आणि पळणं तेवढं ठेवलं. मला या दोन इतिहासांतलं सगळ्यांत मोठं साम्य हेच वाटतं.

बारा वर्षं कोर्टात

आता कायद्याकडे येतो. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. त्याच्या कलम २२ नुसार कोणत्या प्राण्यांना खेळ करून दाखवायला शिकवायचं नाही, त्याची यादी केंद्र सरकार काढू शकतं. २ मार्च १९९१ ला अशी यादी निघाली. त्यात अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि कुत्रा होता. सर्कसवाले दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि नंतर शुद्धिपत्रक काढून कुत्रा वगळला गेला. पुढे सिंह आला. आणि ११ जुलै २०११ ला त्याच यादीत बैल आला. एकाच यादीतून कुत्रा बाहेर आणि वीस वर्षांनी बैल आत, हे मी वाचलं तेव्हा मला हसूही आलं आणि नवलही वाटलं.

मुंबई उच्च न्यायालयानं मार्च २०१२ मध्ये ती अधिसूचना योग्य ठरवली. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, जल्लिकट्टूवर आणि आपल्या बैलगाडा शर्यतीवर एकत्र. न्यायालय म्हणालं की बैल हा ओझं ओढणारा प्राणी आहे, त्याची शरीररचना शर्यतीसाठी नाही. शर्यती थांबल्या. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रानं सवलत देणारी अधिसूचना काढली, पाचव्या दिवशी तिला स्थगिती मिळाली. २०१७ च्या जानेवारीत चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर तरुण उतरले आणि तमिळनाडूनं कायदा बदलला. त्याच वर्षी महाराष्ट्रानंही आपली दुरुस्ती केली, पण उच्च न्यायालयानं शर्यतींना पुन्हा थांबवलं. बैल पळू शकतो, हे दाखवायला राज्य सरकारनं समितीचा अहवाल न्यायालयापुढे ठेवला. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं नियम पाळून शर्यती घ्यायला मुभा दिली. अखेर १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

त्या रात्री गावागावांत गुलाल उधळला गेला. मला तो आनंद समजतो. ज्यांनी सात वर्षं न पळणारा बैल दावणीला सांभाळला, पदरचा खुराक घातला, त्यांच्यासाठी तो निकाल मोठाच होता. शर्यत टिकली तर खिल्लार टिकेल, हे त्यांचं म्हणणंही पोकळ नाही. ज्या जातीला दूध नाही आणि औत उरलं नाही, तिला पाळायला कारण लागतं. दुसऱ्या बाजूनं जे कोर्टात गेले त्यांनी शेपट्या पिरगाळणं, टोचणं, बॅटरीचे झटके यांचे पुरावे ठेवले होते, तेही खोटे नव्हते. आजच्या नियमांत हजार मीटरपेक्षा जास्त अंतर नाही, काठी-चाबूक नाही, आधी पशुवैद्याचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, हे सगळं आलं ते त्या भांडणातूनच.

पण बारा वर्षांचे हे सगळे कागद वाचताना एक गोष्ट खटकते. दोन्ही बाजू एकाच दिवसाबद्दल भांडल्या, शर्यतीच्या दिवसाबद्दल. बैल पळू शकतो का? पळवताना क्रूरता होते का? नियमांचा रोखही तोच. पळायच्या आधी तपासा, पळताना मारू नका. ग्रेहाउंडचा इतिहास सांगतो की जनावर पळण्यासाठीच घडलेलं असलं तरी प्रश्न सुटत नाही, कारण अवघड भाग पळणं थांबल्यावर सुरू होतो.

आणि आपल्याकडे त्याला आणखी एक पदर आहे. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. मे २०१६ मध्ये उच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. ती बरोबर की चूक यावर आज बोलत नाही, त्यावर घरोघरी मतं आहेत. पण हिशेब बघा. बैल जगतो पंधरा-वीस वर्षं. मैदानातली त्याची उमेद आठ-दहा वर्षांपर्यंत, तीही पाय शाबूत राहिले तर. पुढची निम्मी वर्षं त्याला औत नाही, मैदान नाही, आणि विकायला पूर्वीचा बाजार नाही.

मग तो जातो कुठे?

आमच्या शेजारच्या गावात एक काका आहेत. त्यांच्याकडे पाच-सहा वर्षं मैदान गाजवलेला एक बैल आहे, पुढचा गुडघा सुजतो म्हणून आता बसून आहे. मी या भागासाठी त्यांच्याकडे गेलो होतो. गोठ्यात ढाली लावलेल्या, भिंतीवर गुलालात माखलेला फोटो. मी विचारलं, "काका, याला खर्च किती येतो?"

"नुसत्या वैरणीचे दिवसाला दोनशे धर. पळत होता तवा याच्या तिप्पट जायचे, पण तवा काही वाटत नव्हतं."

"विकायचा विचार?"

ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "गिऱ्हाईक आलं होतं दोनदा. घेऊन काय करणार, हे इचारलं तर नीट सांगंना. मग म्हटलं राहू दे. पोरं म्हणतात, तात्या, एवढ्यात नवा खोंड येईल. येईल की. पण याच्या नावानं लोक मला ओळखतात रे."

बैलाकडे बघितलं तर तो रवंथ करत होता. कानात पिवळा बिल्ला.

काकांसारखे लोक हेच आज आपल्याकडचं निवृत्तीचं धोरण आहे. ज्याच्याकडे जमीन आहे, वैरण आहे, माया आहे, त्याचा बैल सुखानं म्हातारा होतो. असे बरेच आहेत, आणि बैल गेला तर दशक्रिया घालणारेही आहेत. काही बैल पैदाशीसाठी ठेवले जातात. काही गोशाळेत, पांजरपोळात जातात. नाशिकजवळ चुंचाळ्याचा पांजरपोळ एकोणिसाव्या शतकापासूनचा आहे. पण पांजरपोळाला जागा आणि चारा मोजूनच मिळतो. आणि ग्रेहाउंडसारखा बैल सोफ्यावर मावत नाही. चार-साडेचारशे किलोचं जनावर पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये कोण दत्तक घेणार? उरलेले बाजारात जातात, एका हातातून दुसऱ्या हातात, आणि प्रत्येक हाताबरोबर त्यांचं नाव पुसट होत जातं.

आता श्रोत्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. रेकॉर्ड असतं का? अर्धं असतं. त्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडी क्रमांक असतो, लोक त्याला पशू आधार म्हणतात. लसीकरण, मालक, जात, वय त्या क्रमांकाखाली सरकारी डेटाबेसमध्ये नोंदवायची सोय आहे. दुसरीकडे शर्यतीची परवानगी जिल्हाधिकारी कार्यालयात, तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र पशुवैद्याकडे, आणि निकाल यूट्यूबवर. बैलाचा कान, सरकारचा कागद आणि मैदानाचा निकाल एकमेकांना जोडले तर इंग्लंडमधल्या कुत्र्यासारखी कारकीर्द आपल्याही बैलाची वाचता येईल. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हे अवघड काम नाही. तीन तक्ते आहेत, जोडणारा क्रमांक आधीच कानात आहे.

पण नुसती नोंद करून भागणार नाही, हे ॲरिझोनातले कान सांगतात. नोंद असूनही कुत्री मेली, कारण निवृत्तीचा खर्च कोणाच्याच वाट्याला नव्हता. फरक पडला तो नोंदणीच्या वेळीच पैसे बाजूला निघायला लागले तेव्हा. आपल्याकडे एका मैदानाचं बक्षीस लाखांत असतं, प्रवेश फी असते, जाहिराती असतात, गाड्या ठेवल्या जातात. त्यातला छोटा हिस्सा त्याच तालुक्यातल्या निवृत्त बैलांच्या वैरणीसाठी ठेवायचा आणि वर्षाला एकदा जाहीर करायचं की आपल्या मैदानावर पळलेले बैल आज कुठे आहेत. याला कोर्टाची गरज नाही, केंद्राच्या अधिसूचनेची नाही. यात्रा कमिटीनं ठरवलं तर पुढच्या चैत्रात होईल. जे म्हणतात की शर्यत बैलाला जगवते, त्यांना तर हे सिद्ध करून दाखवायची चांगली संधी आहे. आणि जे शर्यतीच्या विरोधात आहेत, त्यांनाही यावर आक्षेप असायचं कारण नाही.

इंग्लंडच्या त्या कुटुंबाला मी हेच कळवणार आहे. त्यांनी शेवटी लिहिलं होतं की त्यांचा कुत्रा अजून संध्याकाळी ठरावीक वेळेला दारापाशी जाऊन उभा राहतो, मैदानाची गाडी यायची ती वेळ. काकांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, आपलाबी हलगी वाजली की कान टवकारतो.

तर मंडळी, एक विनंती. तुमच्या गावात मैदान गाजवलेला आणि आता बसून असलेला बैल असेल, तर त्याचं नाव, कुठे पळाला आणि आज कोणाच्या दावणीला आहे एवढं लिहून पाठवा. मालकाची परवानगी घेऊन. मी एक साधी यादी सुरू करतोय, शर्यतींची नाही, शर्यतीनंतरची. काकांच्या बैलाची नोंद त्यात पहिली आहे.